सेफ्टीची आई

माझा मुलगा अंगावर धावून येणाऱ्या माणसांना आडवं पाडायचा आणि त्याबद्दल त्याला पगार मिळायचा. चोरी नाही, गुंडगिरी नाही, नोकरीच होती ती. अमेरिकन फुटबॉलमधला बचावपटू, आणि त्यातही ‘सेफ्टी’. सेफ्टी म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा. पुढच्या दहा जणांच्या हातून निसटलेला गडी शेवटी याच्याकडे येतो आणि याने चुकून चालत नाही. हे कळायला मला दोन वर्षं लागली. पण इथे आखाती देशात, खमीस मुशैत गावच्या एका हॉस्पिटलात मी सव्वीस वर्षं इन-चार्ज सिस्टर आहे. डॉक्टर, ज्युनिअर, फार्मसी अशा सगळ्यांच्या हातून निसटलेली चूक अखेर माझ्याच टेबलावर येऊन थांबते. त्यामुळे एकदा कळलं ते पक्कं कळलं.

रणजित या खेळात पडला कसा, हे मला लोक अजून विचारतात. आमच्या क्वार्टर्सच्या मागे, इथल्या सैन्याला शिकवायला आलेल्या अमेरिकन ट्रेनर लोकांची भिंत घातलेली वसाहत होती. त्यांची पोरं शुक्रवारी सकाळी तो लांबट चेंडू घेऊन धुडगूस घालायची. तेराव्या वर्षी रणजित भिंतीवरून बघायला लागला, चौदाव्या वर्षी भिंतीपलीकडे गेला. माझ्या माहेरी कुडाळला आणि सासरी साताऱ्याला पाच फूट आठच्या वर कोणी गेलेलं नाही. हा इथली खबूस रोटी आणि कबसा, म्हणजे मटणभात, खाऊन सोळाव्या वर्षी सहा फूट दोन झाला. बारावीनंतर इंजिनिअर व्हायला माझ्या भावाकडे ओहायोला गेला. झालाही. डिग्री आहे, टोपी घातलेला फोटो आहे, इंजिनिअरची नोकरी मात्र एक दिवस केली नाही.

यात सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्याचे वडील हाडांचे डॉक्टर. विजय दिवसभर हॉस्पिटलात मोडलेली हाडं जोडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मुलगा लोकांची हाडं कशी खिळखिळी करतो ते लॅपटॉपवर बघायचे. तेसुद्धा लेक्चर दिल्यासारखे. “हा बघ, गुडघा आत वळला. लिगामेंट गेलं.” समालोचकाला कळायच्या आधी यांना कळायचं.

व्यावसायिक संघात गेल्यावर सीझनआधीच्या त्याच्या पहिल्याच सराव-सामन्यात असं झालं. रणजितने एकाला अडवलं, दोघंही पडले. रणजित उठला. तो दुसरा काही उठला नाही. मानेला कॉलर लावून, फळीवर बांधून त्याला गाडीतून नेलं. पुढे तो बरा झाला, पण ते कळायला दोन दिवस गेले. अशा कॉलर मी स्वतःच्या हाताने शेकड्यांनी बांधल्या आहेत. त्या बांधताना बाहेर बाकावर आया बसलेल्या असतात, त्या कशा बसतात तेही मी बघितलं आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि माहेरच्या ग्रामदैवताच्या, रवळनाथाच्या फोटोपुढे हात जोडले. देवाशी आम्ही घरच्याच भाषेत बोलतो. “बा देवा रवळनाथा म्हाराजा, माझो झील ह्या खेळातसून आपल्या पायांनी भायर येवंदे. तोपर्यंत मी चाय घेवचंय नाय.”

सोडायचं तर लाडकंच सोडायला हवं, नाहीतर देवाला काय कळणार? मी दिवसाला सात कप चहा पिणारी बाई. कारलं सोडून फसवता आलं असतं, पण रवळनाथ फसत नाही. आणि नवस कोणाला सांगायचा नाही, हे आमच्या आईने शिकवलेलं. सांगितला की त्यातला जोर जातो म्हणे. म्हणून सगळ्यांना सांगितलं, ॲसिडिटी. नवरा डॉक्टर असून त्यांनाही हेच सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि माझ्या वाटचाही चहा प्यायला लागले.

चहा सुटल्यापासून माझा स्वभाव बिघडला असं वॉर्डाचं मत आहे. आधीच्या अठरा वर्षांत तो काय होता हे वॉर्डाला आठवत नाही, म्हणून असं म्हणतात. माझ्या हाताखाली आमिना म्हणून इथलीच सिस्टर आहे, शेजारच्या अभा गावची. तिला माझी दया येऊन ती रोज घरून थर्मासमधून कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणायला लागली. वेलचीचा, पिवळसर, साखर नाही. नवस चहाचा होता, कहव्याचा नव्हता, म्हणून तो मी घेतला. पुदिन्याचा चहा चालेल का, यावर मात्र मी आठवडाभर विचार केला. शेवटी ठरवलं की त्यात चहाची पानं असतात, तेव्हा तो चहाच. स्वतःशी इतकी प्रामाणिक मी एरवी कधी नसते.

आता माझी चूक सांगते. सामना संपला की रणजितचा फोन यायचा. आईने काय विचारायचं? “लागलं का रे?” असं विचारलं तर पोराला कळणार की आई घाबरली आहे. घाबरलेली आई डोक्यात घेऊन मैदानात उतरला तर पाय अर्धा सेकंद उशिरा पडणार, आणि त्याच्या धंद्यात अर्ध्या सेकंदात मान मोडते. म्हणून मी छाती काढून विचारायचे, “किती पाडलेस?”

“सात.”

“फक्त सात?”

तो हसायचा. मीही हसायचे. फोन ठेवला की रवळनाथाच्या फोटोपुढे जाऊन उभी राहायचे ते वेगळं. वॉर्डात मी त्याचे पराक्रम तिखटमीठ लावून सांगायचे. ज्या वर्षी त्याने समोरच्यांचा चेंडू हवेतच पळवला आणि साठ यार्ड धावत सुटला, त्या वर्षी मी दुधाच्या पावडरीचे पेढे करून अख्ख्या मजल्यावर वाटले. त्याची जर्सी हॉलमध्ये लावली. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका आपापल्या मुलांच्या मार्कांवर आल्या की मी टॅकलवर, म्हणजे पाडापाडीवर यायचे. असं आठ वर्षं केलं. मी भीती झाकत होते आणि त्याला वाटत होतं, आईला या खेळाचं वेड आहे.

आठ वर्षांत त्याचे चार शहरांत चार संघ झाले. पहिलं वर्ष तर नुसता सरावालाच होता, दुसऱ्यांनी खेळायचं आणि याने त्यांना सरावात पाडून दाखवायचं. मग किक अडवायच्या तुकडीत आला. तिसऱ्या वर्षी दोन जण जखमी झाले तेव्हा मुख्य संघात उभा राहिला आणि मग तिथून हलला नाही. उजव्या खांद्यात दोन स्क्रू आहेत. डाव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांशी बोलत नाही. आणि दर शहरातून, सणावाराला, वाढदिवसाला तो मला काय पाठवायचा तर चहा. आसाम, दार्जिलिंग, कसले कसले सुगंधी डबे. त्याच्या लहानपणची आई सात कप पिणारी होती ना, त्याच्या डोक्यात तीच राहिली होती. मी फोनवर सांगायचे, “फार सुंदर होता रे.” डबे जायचे आमिनाच्या घरी.

या वर्षी एप्रिलमध्ये तो इकडे आला. त्याचा आमच्या इकाम्याशी, म्हणजे इथे राहायच्या परवान्याशी, संबंध कधीच संपलेला, त्यामुळे व्हिजिट व्हिसावर आला. म्हणाला, महिनाभर राहतो. महिन्याचे दोन झाले, मग अडीच. मला काय, घर भरल्यासारखं वाटत होतं. सकाळी उठून तो शाळेमागच्या मैदानावर पळायला जायचा. नव्या कराराचं काय, असं विचारलं की म्हणायचा, “बोलणी चालू आहेत, आई. जुलैच्या शेवटी कॅम्प सुरू होतो. बघू.”

त्या ‘बघू’वर माझा जीव टांगलेला होता. मला आयुष्यात दुसरं काहीही नको होतं, फक्त त्याने पुढच्या वर्षाच्या कागदावर सही करू नये. एकतीस वर्षांचा झाला होता. त्या खेळात एकतिसाव्या वर्षी माणूस म्हातारा असतो आणि म्हाताऱ्याची मान लवकर मोडते. पण तोंडाने मी बोलणार नव्हते. “माझी शपथ आहे तुला” म्हणणाऱ्या आया मी वॉर्डात पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांची मुलं ऐकतात आणि मग जन्मभर आईकडे बघताना जरा बाजूला बघतात. माझी भीती मी त्याच्या खांद्यावर ठेवणार नव्हते, तिथे आधीच दोन स्क्रू होते.

त्यात याने नवीनच सुरू केलं. रोज संध्याकाळी माझी ड्यूटी संपायच्या वेळेला चहा करून ठेवायचा. आलं किसून, छान रंगावर आणलेला. “आई, घे ना. तुझ्यासाठी केलाय.” ॲसिडिटीचं सांगितलं तर म्हणाला, अर्धाच कप घे. तो समोर बसलेला. वास तर असा की डोळ्यात पाणी यावं. मी कप घेऊन गॅलरीत जायचे, हवा खाते म्हणायचे आणि कोरफडीच्या कुंडीत ओतायचे. इथल्या उघड्या डोंगरात दगडाच्या फटीतून उगवणारी कोरफड, पण माझ्या चहाने ती तीन आठवड्यांत मेली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, डॉक्टर आंघोळीला गेले होते आणि त्यांचा फोन टेबलावर वाजला. सरकारी मेसेज होता, अरबीत. सव्वीस वर्षांत मला कविता वाचण्याइतकं अरबी आलेलं नाही, पण व्हिसाचं अरबी या देशात सगळ्यांना येतं. रणजितचं नाव, त्याच्या व्हिजिट व्हिसाला मुदतवाढ, आणि नवी तारीख. ऑक्टोबरची सतरा.

मी ती तारीख तीनदा वाचली. ऑक्टोबर म्हणजे ऐन सीझन. ऑक्टोबरात माझा मुलगा खमीसमध्ये असूच शकत नाही. असला तर त्याचा अर्थ एकच.

डॉक्टर टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले.

“अहो, रणजितचा व्हिसा ऑक्टोबरपर्यंत कशाला वाढवलात?”

“असू दे म्हटलं हाताशी.”

“तुम्ही आजवर हाताशी म्हणून जास्तीचा रुमालसुद्धा ठेवलेला नाही.”

ते खुर्चीवर बसले. माणूस चांगला आहे, पण खोटं बोलायला लागला की कान लाल होतात. म्हणाले, “मार्चमध्येच सोडलं गं त्याला संघाने. एक फोन आला, दोन मिनिटांचा. मग दुसऱ्या कोणाचा आलाच नाही. एजंटने मे महिन्यात सांगितलं की आता यायचाही नाही.”

“आणि तुम्हाला हे माहीत होतं.”

“मला मार्चमध्येच सांगितलं त्याने. पण शपथ घातली. म्हणाला, आईला एवढ्यात नको. तिचा सगळा आनंद त्या खेळात आहे, ती मोडून जाईल.”

“मी? मी मोडून जाईन?”

काय काय वाटलं ते कसं सांगू? आधी तर इतका आनंद झाला की ओला टॉवेल खुर्चीवर टाकल्याबद्दल बोलायचंही राहून गेलं. मग नवऱ्याचा राग आला, तो अजून थोडा आहे. मी गाडीची किल्ली घेतली. पन्नाशी उलटल्यावर शिकलेली गाडी आहे माझी. बायकांना लायसन्स मिळायला लागली तेव्हा आमिना आणि मी एकदमच शिकलो. डॉक्टर माझ्या शेजारी बसत नाहीत. हाडांचे डॉक्टर आहेत, त्यांना परिणाम माहीत आहेत.

मैदानावर ढग उतरले होते. जुलैत बाकीचा देश भाजून निघतो आणि आमच्या डोंगरावर स्वेटर लागतो. माकडं कुंपणावर रांगेने बसली होती. आणि पलीकडे रणजित उलटा धावत होता.

बचावपटू आयुष्यभर उलटंच धावतो, हे मला माहीत होतं. समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवून मागे मागे जायचं, तो वळला की वळायचं आणि झेप घ्यायची. पडद्यावर शेकडो वेळा पाहिलं होतं. पण तेव्हा याच्या समोर कोणीतरी असायचं. आता तो उलटा धावत होता, वळत होता, झेप घेत होता, परत जागेवर येत होता, आणि समोर कोणीच नव्हतं. मे महिन्यापासून तो रोज सकाळी हेच करत होता आणि आता दुपारीही यायला लागला होता.

मी हाक मारली तसा तो धापा टाकत आला.

“रणजित, खलास झालं ना?”

“बाबांनी सांगितलं?”

“बाबांनी नाही, सरकारने सांगितलं. व्हिसाचा मेसेज आला.”

“सॉरी, आई.” आणि एवढा मोठा घोडा, मान खाली घालून उभा राहिला. “मी सांगणारच होतो. रोज ठरवायचो, चहा पिताना सांगू. बट यू लव्ह इट सो मच. तू पेढे वाटतेस, जर्सी लावतेस. मला नाही जमलं.”

मग मला राहवलं नाही. हसायलाच यायला लागलं. पायरीवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. फळीवर बांधून नेलेला तो मुलगा, रवळनाथ, चहा, आठ वर्षं.

“थांब, थांब. मी पाठवलेले डबे?”

“आमिनाकडे. तिच्या सासरचे सगळे तुला दुवा देतात.”

“आणि मी रोज करत होतो तो?”

“कोरफड.”

“ती मी मारली?”

“दोघांनी मिळून मारली.”

तो डोकं धरून हसायला लागला. मग काहीतरी सुचल्यासारखा थांबला. इंजिनिअरच तो शेवटी, अटी नीट वाचणारा. “आई, एक्झॅक्टली काय म्हणाली होतीस देवाला?”

“आपल्या पायांनी खेळातून बाहेर येऊ दे. तोपर्यंत चहा नाही.”

“माझा शेवटचा सामना जानेवारीच्या पाच तारखेला झाला. मी चालतच बाहेर आलो. एकदम ठणठणीत.”

मी बोटांवर मोजलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जुलैपर्यंत आले आणि उठूनच उभी राहिले. “सहा महिने! अरे, सहा महिने मी फुकट! सहा महिन्यांपूर्वी देव पावला आणि तुम्ही दोघं बापलेक मला कळवत नाही? तो बाप माझ्यासमोर भुरके मारत बसतो रोज!” माझा आवाज वॉर्डात तीन नंबरच्या खोलीपर्यंत जातो. माकडं कुंपणावरून उतरून निघून गेली.

रणजित रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन दोन कागदी कप करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, घेऊन आला. मी देवाचं नाव घेतलं आणि फुंकर न घालताच घोट घेतला. जीभ भाजली. साखर फार होती. तरी पिऊन टाकला आणि त्याच्या हातातलाही घेतला.

तो शेजारी बसला होता. मग म्हणाला, “म्हणजे आई, तुला माझं खेळणं कधीच आवडलं नाही? एकदाही नाही?”

मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. माझा नवस फिटला म्हणजे या मुलाचं सगळं गेलं होतं, आणि मी चहाचा हिशेब करत ओरडत होते. लोकांनी अंगावर यावं आणि याने मागे हटत हटत त्यांना थांबवावं, एवढंच त्याला पोटापासून येत होतं. त्यासाठी त्याने भिंत ओलांडली, देश ओलांडला, खांदा तोडून घेतला. घरात एक माणूस तरी आपल्या बाजूने वेडं आहे असं त्याला वाटायचं. ते माणूस मी होते, आणि मी तर देवाकडे उलटंच मागत होते.

पेशंटशी मी खोटं बोलत नाही. त्याच्याशी आठ वर्षं बोलले होते, ते पुरे झालं.

“खेळ नाही आवडला. एक दिवसही नाही,” मी म्हणाले. “पण तू आवडायचास. पुढचे सगळे चुकले, तो माणूस सुटला, सगळं स्टेडियम उभं राहिलं की कॅमेरा मागे वळायचा. मी डोळे मिटायचे. उघडले की तू तिथे असायचास. दर वेळी. मग वाटायचं, हे पोर मी वाढवलंय.”

त्याने नाक पुसलं. “दर वेळी नाही. डेन्व्हरला एकदा मी चुकलो होतो.”

“तेव्हा लाइट गेली होती आमच्याकडे.”

“खमीसमध्ये लाइट जात नाही, आई.”

“त्या दिवशी गेली होती.”

तो हसला, पण डोळे काही हसेनात. मैदानाकडे बघत म्हणाला, “मला आता काय करायचं तेच कळत नाही. सकाळी पाय आपोआप इकडे येतात.”

मलाही कळत नव्हतं. आया सगळं जाणतात हे काही खरं नाही. मी कप खाली ठेवले, अंगावरचा काळा झगा, अबाया, वर खोचला, वॉर्डात घालायच्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि मैदानात जाऊन वीस पावलांवर त्याच्या समोर उभी राहिले.

“काय करतेस?”

“तू हो मागे. मी येतेय.”

“आई, तू सत्तावन्न वर्षांची आहेस.”

“मग चुकलास तर फारच बदनामी होईल. यल्ला, चल.”

तो उठला. गुडघे वाकवून, हात पुढे सोडून उभा राहिला, आणि त्याचा चेहरा पडद्यावर असायचा तसा झाला. मी धावले. डावीकडे जाते असं दाखवून उजवीकडे गेले, परत डावीकडे गेले, दम लागला तरी गेले. तो मागे मागे जात होता, नजर माझ्या कमरेवर. मग त्याने झेप घेतली आणि मला दोन्ही हातांनी धरून अलगद वर उचललं. पकडल्यावर शिट्टी वाजली की सोडायचं असतं, असा त्यांचा नियम आहे. तिथे शिट्टी वाजवायला कोणी नव्हतं.